छोट्या वकिली कार्यालयातली माणसं: नेमणूक, काम, मोबदला आणि निरोप

हजेरीअभावी दावा निकाली निघाला, कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) मुदत टळली, पक्षकाराचा मूळ दस्त सापडेना. अशा चुका तपासल्या की मुळाशी बहुधा एकच गोष्ट निघते: ते काम नेमकं कुणाचं होतं, हे कार्यालयात ठरलेलंच नव्हतं. मोठ्या फर्ममध्ये हे ठरवायला वेगळा विभाग असतो. नाशिकमध्ये सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) जिल्हा न्यायालयाच्या आसपास जी शेकडो छोटी कार्यालयं चालतात, तिथे ते काम वरिष्ठ वकिलालाच करावं लागतं, आणि तेही सकाळच्या बोर्डाआधी (कोर्टातल्या त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीचं काम सुरू होण्याआधी) किंवा संध्याकाळी पक्षकार निघून गेल्यावर. तीन ते दहा माणसांचं कार्यालय डोळ्यांपुढे ठेवून पुढची पद्धत दिली आहे.

आधी तीन गट वेगळे करा

कार्यालयातल्या सगळ्यांना सरसकट स्टाफ म्हणायची सवय पहिल्यांदा सोडावी. इथे तीन वेगळ्या नात्यांची माणसं असतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत.

पहिला गट सनदधारक, म्हणजे वकिलीचा परवाना मिळालेल्या, ज्युनिअरांचा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 49 प्रमाणे वकिली करणाऱ्या माणसाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून ज्युनिअरला ‘कर्मचारी’ म्हणून नेमणूकपत्र किंवा पगारपत्रक देऊ नये. त्याच्याशी सहयोगी वकील म्हणून लेखी करार करावा आणि मोबदला व्यावसायिक शुल्क किंवा स्टायपेंड म्हणून बँकेतून द्यावा. नुकतीच सनद मिळालेल्याने अखिल भारतीय बार परीक्षा दिली आहे का, हेही विचारून घ्या. ती नोंदणीनंतर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी लागते आणि ऐन साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर हा प्रश्न उभा राहिला तर अडचण होते.

दुसरा गट कारकून, टंकलेखक, हिशेबनीस आणि कार्यालय सहायक यांचा. हे खरे पगारी कर्मचारी. त्यांना नेमणूकपत्र, ठरलेला पगार, रजा आणि कामाचे तास लेखी द्यायलाच हवेत.

तिसरा गट विधी महाविद्यालयातून येणाऱ्या इंटर्नचा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. इंटर्नला वर्षभर मोफत मदतनीस म्हणून राबवणं नियमातही बसत नाही आणि न्यायालाही धरून नाही. सनद नसताना त्याने गाऊन आणि बँड घालून कोर्टात उभं राहणं, साधा मुदत अर्ज द्यायलासुद्धा, चालणार नाही.

कुणाला आधी नेमायचं

एकटा वकील वाढू लागला की पहिला विचार ज्युनिअरचा येतो. आमचं मत वेगळं आहे: पहिली नेमणूक चांगल्या कारकुनाची करावी. फायलिंग, प्रोसेस फी, नक्कल अर्ज, रेकॉर्ड पाहणी, बेलिफाकडे (समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) समन्सचा पाठपुरावा ही कामं वकील स्वतः करत बसला तर दिवसाचे दोन-तीन तास जातात, आणि ज्युनिअरला त्यातच जुंपलं तर वर्षभरात तो कंटाळून निघून जातो. कारकुनानंतर ज्युनिअर, आणि ज्युनिअर दोन झाले की टंकलेखक.

दुसऱ्या ज्युनिअरची वेळ कधी आली हे ओळखायला बोर्ड पाहा. सलग महिनाभर आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा होत असेल, किंवा निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला अशा तालुका न्यायालयांतल्या तारखा केवळ मुदत मागून ढकलल्या जात असतील, तर माणूस कमी पडतो आहे. मालेगावची तारीख तर जाऊन येऊन 200 किलोमीटर होते आणि त्या दिवशी नाशिकमध्ये तुम्ही नसताच.

निवडीची चाचणी

गप्पांवरून माणूस कळत नाही. तासाभराचं काम द्या.

ज्युनिअरसाठी चेक न वटण्याचा प्रश्न उत्तम. द्राक्षाचा हंगाम आटोपताना व्यापाऱ्याचा चेक परत आला, अशी प्रकरणं या जिल्ह्यात नेहमीची आहेत. प्रश्न असा घाला: चेक न वटल्याचा बँकेचा मेमो 5 मार्चला मिळाला, नोटीस व्यापाऱ्याला 10 एप्रिलला पोहोचली, नोटीस पाठवायची शेवटची तारीख कोणती आणि तक्रार केव्हापर्यंत दाखल करायची? उत्तर असं: मेमो मिळाल्यापासून 30 दिवस म्हणजे 4 एप्रिलपर्यंत नोटीस निघायला हवी. पोहोचल्यानंतर पैसे द्यायला मिळणारे 15 दिवस 25 एप्रिलला संपतात, 26 एप्रिलला दाव्याचं कारण घडतं आणि तिथून एक महिना म्हणजे 26 मेपर्यंत मुदत. नुसतं उत्तर बरोबर येणं पुरेसं मानू नका. ‘मे महिन्यात कोर्टाला सुट्टी असते, तेव्हा एप्रिलअखेरीसच तक्रार तयार करून ठेवू’ असं जो आपणहून म्हणेल, त्याला घ्या. सोबत एक सातबारा आणि चार-पाच फेरफार देऊन मालकी कशी आली ते दहा ओळींत लिहायला सांगा. जमिनीचे सर्च रिपोर्ट (मालकीच्या तपासणीचे अहवाल) हा इथल्या कामाचा मोठा भाग आहे आणि फेरफार वाचता न येणारा ज्युनिअर तिथे अडतो.

टंकलेखकाची परीक्षा दहा मिनिटांची: मराठीत मिनिटाला 30 शब्द, म्हणजे 300 शब्द, आणि पाचपेक्षा जास्त चुका नकोत. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करता येतो का, ते नक्की पाहा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला दावा ई-फायलिंगच्या वेळी किंवा दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरं विस्कटतात आणि ऐन मुदतीच्या दिवशी सगळं पुन्हा टाइप करावं लागतं.

कारकुनाला कोरा नक्कल अर्ज भरायला द्या. आधी ज्यांच्याकडे काम केलं त्या वकिलांना त्याच्या परवानगीने फोन करून दोनच गोष्टी विचारा: पैशांचा हिशेब वेळेवर द्यायचा का, आणि फायलीतली गोष्ट बाहेर बोलायचा का.

नेमणुकीआधी हितसंबंध तपासा. नाशिकसारख्या जिल्ह्यात नातीगोती दाट असतात. तुमच्या वाटपाच्या दाव्यातला प्रतिवादी उमेदवाराचा मामा निघू शकतो. कार्यालयात एक नोंदवही ठेवा: पक्षकार, विरुद्ध पक्ष, गाव आणि गट नंबर. आडनावं सारखी असल्याने नुसत्या नावावर शोध फसतो. गाव आणि गट नंबर जुळला की लगेच कळतं. ज्युनिअरने आधीच्या कार्यालयात ज्या पक्षासाठी सल्ला दिला किंवा मसुदा केला, त्याच प्रकरणात तो आता विरुद्ध बाजूने उभा राहू शकत नाही, म्हणून त्याच्या जुन्या प्रकरणांबद्दलही विचारा. पक्षकाराची गुपितं मात्र विचारू नका.

लेखी काय द्यायचं

कारकून आणि टंकलेखकाच्या नेमणूकपत्रात दोन पानं पुरतात. पद, पगार, पगाराची तारीख, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, तीन ते सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ, रजा, नोकरी सोडण्याची पूर्वसूचना आणि गोपनीयता. गोपनीयतेचं कलम वाचून समजावून सांगा. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 ने वकिलावर घातलेलं पक्षकाराच्या गोपनीय माहितीचं बंधन त्याच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. हे समजलं की चहाच्या टपरीवरची फायलींची चर्चा बरीच थांबते. पक्षकाराचे कागद स्वतःच्या मोबाइलवरून व्हॉट्सॲप गटात टाकायचे नाहीत, हेही तिथेच लिहा.

सहयोगी वकिलाच्या करारात वेगळे मुद्दे येतात: दरमहा शुल्क, प्रवासखर्च, स्वतःची प्रकरणं घेण्याची मुभा आणि तिच्या मर्यादा, वकीलपत्रावर कुणाची नावं, आणि सोडून जाताना फायलींचं काय. ‘सोडल्यावर दोन वर्षं नाशिकमध्ये वकिली करणार नाही’ असली अट घालू नका. करार कायद्याच्या कलम 27 पुढे ती टिकणार नाही आणि पहिल्याच दिवशी अविश्वास पेरला जाईल. कुणाचीही मूळ सनद, गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्रं ठेवून घेऊ नका. प्रत पाहा, मूळ परत करा.

काम आणणाऱ्या कारकुनाला टक्केवारी देण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. बिगर-वकिलासोबत फी वाटून घ्यायला बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. चांगल्या कामाबद्दल द्यायचंच तर पगार वाढवा किंवा दिवाळीला बोनस द्या. ती रक्कम एखाद्या पक्षकाराच्या फीशी जोडलेली नसावी.

मोबदला

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना पहिली तीन वर्षं शहरी भागात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही आणि अनेक कार्यालयं याहून कमी देतात. तरीही खोलीभाडं आणि दुचाकीचं पेट्रोल भागणार नाही इतक्या रकमेत ज्युनिअर टिकत नाही आणि त्याच्या जागी पुन्हा नव्याने शिकवण्यात तुमचं वर्ष जातं. एकदम 20,000 परवडत नसतील तर दोन भाग करा: ठरलेली मासिक रक्कम, आणि ज्युनिअरने स्वतः पूर्ण हाताळलेल्या प्रकरणाच्या फीतला ठरावीक हिस्सा. तो हिस्सा आधी लिहून ठेवा. फी आल्यावर ठरवायला गेलात की मनं दुखावतात.

प्रवासखर्च मोबदल्यात मिसळू नका. किलोमीटरमागे एक दर ठरवा. सिन्नर एका बाजूने सुमारे 30 किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन 60 चा खर्च त्याच आठवड्यात द्यायचा. महिनाअखेरीस एकत्र देऊ म्हटलं की ज्युनिअर स्वतःच्या खिशातून तुमचं कार्यालय चालवत राहतो.

कर आणि किमान वेतनाच्या बाबतीत चार गोष्टी पाहा. पहिली, वकील म्हणून स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला 2,500 रुपये. दुसरी, 10,000 पेक्षा जास्त मासिक पगार असलेल्या कर्मचाऱ्याचा दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापून भरावा लागतो. महिला कर्मचाऱ्यांना 25,000 पर्यंत माफी आहे. हा कर कापून भरण्यासाठी कार्यालयाची वेगळी नोंदणी लागते. तिसरी, भागीदारी फर्म असेल आणि एका सहयोगी वकिलाला वर्षात 50,000 पेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क दिलं तर 10 टक्के टीडीएस कापायचा. एकट्या वकिलावर ही जबाबदारी त्याच्या आधीच्या वर्षीच्या व्यवसायाची जमा 50 लाखांवर गेली असेल तरच येते. चौथी, राज्याचे किमान वेतनाचे विशेष भत्ते दर सहा महिन्यांनी बदलतात; जानेवारीत आणि जुलैत दर पाहून कारकुनाचा पगार त्याखाली तर गेला नाही ना, याची खात्री करा.

इतक्या छोट्या कार्यालयाला भविष्य निर्वाह निधी सहसा लागू होत नाही, कारण त्याला 20 माणसं लागतात. पण दिवसभर दुचाकीवर फिरणाऱ्या कारकुनाला कुठलंच संरक्षण नसावं हे योग्य नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा मिळतो. तो कारकुनाच्या बँक खात्यातून सुरू करून द्या आणि जमलं तर एक आरोग्य विमा कार्यालयाच्या खर्चाने घ्या.

तारखेची पद्धत

मनुष्यबळाचं खरं व्यवस्थापन इथे होतं. प्रत्येक प्रकरणाला एक मुख्य माणूस आणि एक पर्यायी माणूस, दोन्ही नावं फायलीच्या कव्हरवर. वकीलपत्रावर वरिष्ठासोबत कार्यालयातल्या सगळ्या सहयोगी वकिलांची नावं सुरुवातीलाच घाला, म्हणजे ऐनवेळी कुणीही उभं राहू शकेल.

तारखेची एकच सामाईक नोंद ठेवा. ऑनलाइन तक्ता असेल तर त्याची रोज संध्याकाळी छापील प्रत काढा. रकाने असे: न्यायालय, प्रकरण क्रमांक, 16 अक्षरी सीएनआर (ई-कोर्ट्स या न्यायालयीन संकेतस्थळावरचा प्रकरणाचा ओळख क्रमांक), टप्पा, उद्या नेमकं काय करायचं, मुख्य, पर्यायी, पुढची तारीख, पक्षकाराला कळवलं का. ‘टप्पा’ रकान्यात नुसतं ‘सुनावणी’ लिहिलेलं चालणार नाही. ‘वादीचा उलटतपास, वहिवाटीच्या मुद्द्यावर, निशाणी 23 सोबत न्यायची’ असं हवं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांनी पंधरा मिनिटं उभ्यानेच बैठक घ्यावी. आजच्या पुढच्या तारखा नोंदवल्या का, ई-कोर्ट्सवर रोजनाम्याशी (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीशी) जुळतात का, उद्या कोण कुठे, कुणाला काय कागद हवा. एवढंच. फीची किंवा कुणाच्या चुकीची चर्चा तिथे नको. ती सुरू झाली की पंधरा मिनिटांची बैठक तासावर जाते आणि आठवड्याभरात बंदच पडते.

बिघाड बहुतेक ठिकाणी सारखाच होतो. ज्युनिअर कोर्टात तारीख खिशातल्या डायरीत लिहितो, संध्याकाळी कार्यालयात न येता घरी जातो, दुसऱ्या दिवशी आजारी पडतो. पुढच्या तारखेला कुणीच हजर नसतं आणि दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तो पुन्हा दाखल करून घ्यायच्या अर्जाला 30 दिवसांचीच मुदत आहे, आणि चूकच कळली नसेल तर ते दिवसही निघून जातात. उपाय सोपा: कोर्टातून बाहेर पडल्यावर बोर्डाचा किंवा डायरीच्या पानाचा फोटो लगेच कार्यालयाच्या एकाच क्रमांकावर, आणि कारकुनाने तो त्याच दिवशी तक्त्यात चढवायचा.

मुदतीच्या कामांना दुहेरी तारीख द्या. दिवाणी दाव्यात कैफियत समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत, जास्तीत जास्त 90 दिवसांत. व्यावसायिक दाव्यात 120 दिवसांनंतर ती घेतलीच जात नाही. तक्त्यात कायद्याची तारीख लाल अक्षरात, आणि तिच्या सात दिवस आधीची कार्यालयाची तारीख काळ्या अक्षरात. मसुदा काळ्या तारखेला तयार नसेल तर त्याच दिवशी काम पर्यायी माणसाकडे जातं. यात कुणाला कमी लेखायचं नसतं, हे आधीच सांगून ठेवा.

ज्युनिअर घडवणं

पहिला महिना त्याला कारकुनासोबत फिरवा: फायलिंग काउंटर, नाझर (कोर्टातले पैसे आणि समन्स बजावणी पाहणारा अधिकारी), नक्कल विभाग, दुय्यम निबंधकाकडे इंडेक्स 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा). दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मुदत अर्ज, पुरसिस (कोर्टाला एखादी गोष्ट कळवणारं लेखी निवेदन), कागद दाखल करण्याची यादी. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत नोटिसा, चेकच्या तक्रारी, साधे जबाब. वर्षभराने एखाद्या छोट्या फौजदारी प्रकरणात उलटतपास त्याला करू द्या आणि तुम्ही शेजारी बसा.

मसुदा चुकीचा आला की वरिष्ठ स्वतःच दुरुस्त करून पुढे पाठवतात. घाईत ते समजू शकतं, पण त्यातून ज्युनिअर काही शिकत नाही आणि तीच चूक दहा वेळा तुमच्याकडे येते. समासात लाल शाईने प्रश्न लिहा: ‘दाव्याचं कारण कुठे घडलं ते लिहिलं नाही, अधिकारक्षेत्र कसं दाखवणार?’ आणि परत द्या. पहिले तीन महिने यात रोज अर्धा तास जातो. चौथ्या महिन्यापासून तो वेळ परत मिळू लागतो. दर तीन महिन्यांनी वीस मिनिटं बंद खोलीत बसून काय जमतंय, काय नाही, पुढच्या तिमाहीत काय शिकायचं ते बोला आणि एका पानावर लिहून दोघांनी सही करा. पक्षकारासमोर किंवा कोर्टाच्या आवारात ज्युनिअरला कधीही झापू नका. त्याचा धीर जातो आणि पक्षकारही पुढे त्याचं ऐकत नाही.

पैसे आणि कारकून

कारकुनाकडे 3,000 ते 5,000 रुपयांची फिरती रोकड द्या. कोर्ट फी, प्रोसेस फी, झेरॉक्स, पोस्ट, प्रत्येक खर्चापुढे प्रकरणाचं नाव आणि पावती. दर शनिवारी हिशेब जुळवून खर्च झालेली रक्कम भरून द्या. पक्षकाराने कारकुनाच्या हाती फी दिली तर तिथल्या तिथे छापील क्रमांकाची पावती फाडायची.

विनापावती ‘इतर खर्च’ मंजूर करू नका. न्यायालयीन कर्मचाऱ्याला काम लवकर व्हावं म्हणून पैसे देणं भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाऱ्यासाठीही गुन्हा आहे. वरिष्ठ डोळेझाक करतात तेव्हा पकडला जातो तो कारकून. त्याला स्पष्ट सांगा की पैसे न दिल्याने काम दोन दिवस उशिरा झालं तर कार्यालय त्याच्या पाठीशी उभं राहील.

रजा

वकिली कार्यालयाला दुकाने व आस्थापना कायदा लागू होतो का, यावर वाद घालता येईल, पण महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्यातलं रजेचं मोजमाप चांगलं आहे. वर्षाला 8 नैमित्तिक रजा, 8 पगारी सणाच्या सुट्ट्या आणि कामाच्या 20 दिवसांमागे एक अर्जित रजा. तेच स्वीकारा.

नाशिकचं वर्ष लक्षात घ्या. पौषात त्र्यंबकेश्वरची निवृत्तिनाथांची यात्रा, चैत्रात वणीच्या सप्तशृंगीची यात्रा, हंगामात घरची द्राक्षं किंवा कांदा. या रजा अचानक येत नाहीत, म्हणून जानेवारीतच तक्त्यात चढवा. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थातली अमृतस्नानं आहेत. त्या दिवसांत शहरातली वाहतूक वळवलेली असेल. पंचवटीत राहणाऱ्याला सीबीएसला यायला अडचण होईल, हे धरून त्या आठवड्यांतल्या तारखांना पर्यायी माणूस आधीच ठरवा. अर्जित रजा मे महिन्याच्या सुट्टीत घ्यायला लावणं सोयीचं, पण सगळे एकदम नकोत. सुट्टीतही जामीन आणि मनाईचे तातडीचे अर्ज येतातच.

महिलांची सुरक्षितता

दोन भागीदार, तीन ज्युनिअर, कारकून, टंकलेखक, सहायक आणि दोन इंटर्न, एवढ्यात दहाचा आकडा गाठला जातो. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ‘कर्मचारी’ शब्दात प्रशिक्षणार्थी आणि विनामोबदला काम करणाऱ्यांनाही धरतो, म्हणून आपण पगारी माणसं तीनच म्हणून निर्धास्त राहू नका. दहा माणसं झाली की अंतर्गत समिती नेमा: अध्यक्ष महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरची सदस्य. त्याखाली असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता भिंतीवर लावा. शिवाय रोजच्या दोन गोष्टी: महिला ज्युनिअरला संध्याकाळी उशिरा एकटीला पक्षकारासोबत बसवायचं नाही, आणि तालुका न्यायालयातून परतायला उशीर होणार असेल तर प्रवासाची सोय कार्यालयाने करायची.

माणूस सोडून जातो तेव्हा

कारकुनाला 30 दिवस, सहयोगी वकिलाला 60 दिवस पूर्वसूचना ठेवा. पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडच्या सगळ्या प्रकरणांची यादी करा: टप्पा, पुढची तारीख, मूळ कागद कुठे, पक्षकाराला काय शब्द दिला आहे. शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही आणि पुढे वाद त्याच्यावरूनच होतात.

ज्युनिअर काही पक्षकार घेऊन जाईल, ही भीती असते. निवड पक्षकाराची आहे. दोघांनी मिळून एकच पत्र पाठवावं आणि पक्षकार ज्युनिअरसोबत जायचं म्हणाला तर ना हरकत देऊन फाईल सोपवावी. फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 साली हे स्पष्ट केलं आहे. बाकी फी वसूल करायचा मार्ग वेगळा आहे.

ई-फायलिंग आवर्जून तपासा. घाईत ज्युनिअरच्या लॉगिनवरून दाखल केलेली प्रकरणं त्याच्या मोबाइलशी जोडलेली असतात. तो गेल्यावर त्यांचे संदेश आणि ओटीपी त्याच्याकडेच जात राहतात. निरोपाच्या आठवड्यात अशा प्रकरणांची वेगळी यादी करून ती राहणाऱ्या वकिलाच्या लॉगिनवर घ्या, कार्यालयाच्या ईमेलचे आणि सामाईक तक्त्याचे पासवर्ड बदला, किल्ल्या आणि शिक्के मोजून घ्या. बाकी रक्कम शेवटच्या दिवशीच द्या, आणि अनुभवपत्रावर सही करून ते त्याच वेळी हातात ठेवा.